बसून वाजवलेली हलगी

आमच्या गावात रेडिओ केंद्र होतं असं मी सांगते तेव्हा लोक आधी माझ्याकडे आणि मग एकमेकांकडे बघतात. बघू द्या. होतं म्हणजे होतं. आत स्पीकर बसवलेली अकरा लाकडी खोकी, चावडीवरचा एक भोंगा, दादाचा लग्नात वाजणारा अँप्लिफायर, एक माईक आणि मी. खऱ्या रेडिओसारखं हवेतून काही जात नव्हतं. आमचा आवाज तारेतून जायचा आणि तार संपली की आमचं केंद्रही संपायचं. पण त्या तारेच्या आत जेवढं गाव होतं, तेवढं सगळं आमचं होतं.

गाव लातूर आणि नांदेडच्या शिवेवरचं. जिल्हा नवाच झाला होता. उस्मानाबादचे आम्ही एकाएकी लातूरचे झालो आणि पोस्टमनपासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांना आपणच काहीतरी मिळवल्यासारखं वाटायला लागलं. शाळेच्या पाटीवर जुन्या जिल्ह्याच्या नावावर चुना फासून नवं नाव लिहिलं, तर रंगाऱ्यानं उत्साहाच्या भरात अक्षरं इतकी मोठी काढली की शाळेच्या नावाला जागाच उरली नाही. पावसानं मात्र नव्या जिल्ह्याची काही दखल घेतली नाही. ओळीनं दोन वर्षं तो नुसता तोंड दाखवून गेला. विहिरी तळाला गेल्या, बोअर हवा ओढायला लागले. गावातली लग्नं पुढं ढकलली गेली, कारण वऱ्हाडाला प्यायला काय देणार?

या ढकललेल्या लग्नांमुळंच आमचं केंद्र जन्माला आलं. माझ्या थोरल्या भावाचं, दादाचं, माईक-मंडपाचं दुकान होतं. लग्नं नाहीत म्हणून सगळं सामान धूळ खात पडलेलं. मी नांदेडहून डी.एड. करून आलेली, नोकरीच्या ऑर्डरची वाट बघत घरात बसलेली, आणि घरात बसणं माझ्या रक्तात नाही. वडील शाळामास्तर. त्यांच्या मते माझ्या तोंडाला लगाम नव्हता. ते खरंच होतं, पण त्याचा उपयोग कुठं करायचा हे तोवर मला कळलं नव्हतं.

"एवढा भोंगा पडून आहे," मी दादाला म्हटलं, "गावाला काहीतरी ऐकवू या."

"काय ऐकवतीस? रेकॉर्डी घासून गुळगुळीत झाल्यात."

"सिनेमाची गाणी नाहीच लावायची. ती कुठंही ऐकू येतात. गावातल्या माणसांना काय येतं, ते गावाला ऐकवायचं."

दादा म्हणाला, "उन्हानं डोकं फिरलं वाटतं." पण दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर हा बाबा शिडी लावून खांबावर. लग्नाच्या रोषणाईच्या माळांमधले दिवे काढून त्यानं नुसती वायर मोकळी केली होती. नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला असलेला आमचा मामेभाऊ सुट्टीत आला होता, त्यानं लांबच्या तारेत आवाज का मरतो ते आम्हाला समजावून सांगितलं आणि त्यावरचा उपायही करून दिला. चहाची हॉटेलं, पिठाची गिरणी, एसटीचा थांबा, शिंप्याचं दुकान, सगळीकडे एकेक खोकं लागलं. परवानगी ग्रामपंचायतीची. सरपंचांना वाटलं आम्ही सकाळी भक्तिगीतं लावणार. त्यांचा तो समज आम्ही काही फार घाई करून मोडला नाही.

जागा दिली अप्पांनी. अप्पा म्हणजे गावातले आडत व्यापारी, गळ्यात इष्टलिंग, कपाळावर भस्म, बोलणं मोजकं. पीकच नव्हतं, तर आडतीवर येणार काय? दुकानामागची त्यांची कोठी रिकामी पडली होती. आम्ही तिच्या भिंतींना रिकामी पोती ठोकली, म्हणजे आवाज घुमत नाही. दार लावलं की आत भट्टी व्हायची. मी ओला रुमाल डोक्यावर ठेवून बोलायची.

आणि काय काय ऐकवलं आम्ही! आठवलं तरी आज अंगात तरतरी येते. देगलूरहून कापडाचे गठ्ठे घेऊन येणारा एक फेरीवाला तेलुगू गाणी म्हणायचा. अर्थ आम्हाला ओ की ठो कळायचा नाही, पण गिरणीवरच्या बाया पीठ विसरून ऐकायच्या. अप्पांनी स्वतः सोमवारी कानडी भजन म्हटलं आणि नंतर दोन दिवस लाजून दुकानाबाहेर आले नाहीत. एसटी थांब्यावरच्या चहावाल्या चाचांनी कव्वाली म्हटली, तिला ठेका म्हणून दादानं पत्र्याचा डबा वाजवला. मुखेडच्या बाजाराहून परतणाऱ्या एका बांगडीवालीनं तर माईक हातात घेऊन तासभर बांगड्यांचीच गाणी म्हटली, मला एक अक्षर बोलू दिलं नाही. रोज सकाळ-संध्याकाळ एकेक तास. मी संध्याकाळची वाट अशी बघायची की घरात माझ्या हातून दूध उतू जायचं. आई म्हणायची, हिला त्या माईकनं झपाटलंय. खरंच झपाटलं होतं. मी तेवीस वर्षांची होते आणि माझ्या बोलण्यावर अकरा ठिकाणी माणसं मान वर करत होती.

आता हलगीवाल्या मामांचं सांगते, कारण हे सगळं त्यांच्यासाठी लिहायला घेतलं आहे.

मामा, म्हणजे सगळ्या गावाचेच मामा, ग्रामपंचायतीची दवंडी द्यायचे. साठीच्या आतबाहेरचे, काटकुळे, डोक्याला लाल पटका. गावातल्या लग्नाला, पोळ्याला, कुस्त्यांच्या फडाला, मयताला हलगी त्यांचीच. त्या उन्हाळ्यात मात्र त्यांच्या हलगीला भलताच मान आला होता. टँकर यायचा नेम नसायचा. आला की मामा दवंडीचा ठेका वाजवत गल्लीगल्लीतून फिरायचे, आणि तो ठेका कानावर पडला की हातातलं काम टाकून सगळं गाव घागरी घेऊन पळायचं. तापाच्या माणसालासुद्धा त्या आवाजानं उठून बसलेलं मी पाहिलं आहे.

आमचा कार्यक्रम सुरू असला की मामा अप्पांच्या दुकानासमोरच्या लिंबाखाली उभे राहून ऐकायचे. रोज. एकदा मी बाहेर येऊन विचारलं, "मामा, तुम्ही कधी वाजवता आमच्याकडं?"

"वाजवतो की. पर बसून वाजवीन."

मला हसू आलं. "बसूनच वाजवा. उभं राहायला कोण सांगतंय?"

ते हसले नाहीत. "तुला म्हाईत न्हाई, माय. हलगीवाला बसून वाजवत न्हाई. माझ्या बापानं चालत वाजवली, आज्यानं चालत वाजवली. आपण म्होरं, मागं नवरदेव. न्हाईतर मागं तिरडी. येणारा कुणी दुसराच असतो, हलगी नुसती त्याची वर्दी देती. चाळीस वर्सं वाजवून ऱ्हायलो, पर माझी हलगी ऐकायला म्हणून कुणी बसलं न्हाई. मला एकडाव बसून वाजवायचंय. मी नुसतं वाजवायचं, लोकायनी नुसतं ऐकायचं."

मी या माणसाला लहानपणापासून बघत होते आणि तो बसलेला मला एकदाही आठवत नव्हता. आमच्या दारी यायचे तेव्हाही उंबऱ्यापलीकडं, उभेच.

मी तिथल्या तिथं दिवस ठरवला, येता शनिवार, संध्याकाळी पाच. दादानं घरी आल्यावर माझी खरडपट्टी काढली. "अप्पांच्या जागेत त्याला बसवणार? गाव काय म्हणंल?" मी म्हटलं, गावाला जे म्हणायचं ते माईकवर येऊन म्हणू दे. तो अप्पांकडे गेला, अप्पा नको म्हणतील या आशेनं. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं, भस्माचा हात धोतराला पुसला आणि म्हणाले, "दर सोमवारी भजनात म्हणतो, समदी माणसं सारखी. आता जमतंय का बघावं."

झालं! मंगळवारपासून मी घोषणांचा सपाटा लावला. "येत्या शनिवारी आपल्या गावचे हलगीवादक पहिल्यांदाच बसून हलगी वाजवणार आहेत. सोबत लग्न नाही, मिरवणूक नाही. फक्त हलगी. अवश्य ऐका." सकाळी दोनदा, संध्याकाळी तीनदा. शुक्रवारपर्यंत हॉटेलात पैजा लागल्या होत्या की म्हातारा बसतो की नाही.

शनिवारी मामा चारलाच आले. धुतलेलं धोतर, पटका नवा बांधलेला. पाणी प्यायला मिळत नव्हतं त्या दिवसांत धुतलेलं धोतर म्हणजे केवढी गोष्ट, हे दुष्काळ पाहिलेल्यालाच कळेल. सोबत कडब्याची एक लहान पेंढी. हलगीचं कातडं शेकल्याशिवाय बोलत नाही, मध्ये मध्ये जाळ लागतोच. आता पोती लावलेल्या खोलीत जाळ कसा करणार? सगळं केंद्र पेटलं असतं. मग आम्ही माईकच बाहेर ओढला. अप्पांच्या दुकानाच्या ओट्यावर सतरंजी अंथरली, समोर माईक, खाली गल्लीत कडब्याचा जाळ. मामांनी हलगी शेकली, बोटानं टिचकी मारून पाहिली, पुन्हा शेकली. मग चपला काढून पायऱ्या चढले आणि सतरंजीच्या अगदी कडेला, अर्धे सतरंजीवर नि अर्धे फरशीवर, असे बसले.

समोर ऐकणारे मोजके होते. शिंपी, दोन-चार रिकामटेकडे, अप्पा दुकानाच्या दारात. बाकीचे खोक्यांवर ऐकणार.

इथं मी माती खाल्ली. मला वाटलं, सुरुवात झकास व्हायला पाहिजे. लोकांच्या ओळखीचा ठेका आधी, मग बाकीचं. मी म्हटलं, "मामा, पहिल्यांदा दवंडीचा ठेका वाजवा."

त्यांनी मान हलवली. "त्यो नगं."

"का?"

"त्यो कामाचा ठेका हाय, माय. त्यो रिकामा वाजवत न्हाईत. दवंडी असली तरच वाजवायचा."

"अहो, मी सांगते ना आधी माईकवर. लोकांना कळेल."

"बाकीचं समदं वाजवतो. त्यो नगं."

शहाण्या माणसानं इथं थांबावं. पण मी निवेदिका! घड्याळात पाच वाजले होते, दादानं बटण दाबलं होतं, आणि मला माझा कार्यक्रम मला हवा तसा पाहिजे होता. "मोजून दहा वेळा फक्त," मी म्हटलं, आणि त्यांचं उत्तर न ऐकताच माईकवर बोलायला लागले. "श्रोतेहो, आता ऐका आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा दवंडीचा ठेका." बोलून झाल्यावर मी त्यांच्याकडे हात केला. मास्तरच्या पोरीला गावादेखत नाही कसं म्हणायचं? त्यांनी वाजवला.

माझं बोलणं भोंग्यातून लांब गेलं तरी खोक्यांजवळच नीट कळत असणार. गाडी आली किंवा कालवा झाला की त्यात मी बुडून जायचे. हलगी मात्र भोंग्यातून निघाली ती शिवारापर्यंत गेली. दहावी थाप पडायच्या आत वरच्या आळीतून पितळेचा खणखणाट ऐकू आला.

आधी तीन-चार बाया पळत आल्या. मग दहा. मग गल्लीच्या दोन्ही टोकांनी लोंढे. डोक्यावर घागरी, काखेत कळशा, कुणाच्या हातात दुधाची चरवी, एकीच्या हातात तर पूजेचा तांब्या. भोंगा चावडीवर असला तरी हलगीवाला अप्पांच्या ओट्यावर आहे म्हटल्यावर टँकर तिथंच आला असणार! सवयीनं ओळसुद्धा लागली. ओट्याच्या पहिल्या पायरीपासून भांड्यामागं भांडं, थेट लिंबाच्या पलीकडं. तोंडं सगळी आमच्याकडे. आणि टँकरचा पत्ता नाही.

"टँकर कुठंय?" मागून कुणीतरी ओरडलं.

मी मामांकडे पाहिलं. ते उभे होते. गर्दी दिसताक्षणी ते कधी उठले, सतरंजीवरून कधी बाजूला झाले, मला कळलंच नाही. हलगी छातीशी धरलेली आणि मान खाली.

"खोटी दवंडी दिली ह्यानं!" एक पागोटेवाला पुढं आला. "पंचायतीचं काम काढून घ्या ह्याचं."

"लेकराला तापात टाकून आले मी," एक बाई रडकुंडीला आली होती.

मामांनी हात जोडले. त्यांनी एक शब्द माझ्यावर ढकलला नाही. ते नुसतं म्हणाले, "चुकलं, मायबाप."

लाज म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं, आधी कळलं होतं ते सगळं खोटं. मी माईक उचलला आणि जीव खाऊन बोलले, भोंग्यातून, खोक्यांतून, सगळीकडून. "चूक मामांची नाही. त्यांनी दोनदा नको म्हटलं होतं. मी ऐकलं नाही. मास्तरांच्या मुलीनं दवंडी वाजवायला लावली. टँकर आलेला नाही. बोलायचं असेल ते मला बोला."

मग लोकांनी बोलून घेतलं. ते इथं लिहीत नाही. वडील गर्दीत मागं उभे होते, त्यांनी ते सगळं ऐकलं, एवढंच सांगते. पागोटेवाला आणि त्याच्याबरोबरचे चार-पाच जण पाय आपटत निघून गेले. जाताना दादाला म्हणाले, उद्या तार काढून टाक. दादा अँप्लिफायरवर हात ठेवून उभा होता.

ओळीत सगळ्यात पुढं एक म्हातारी होती. वरच्या आळीची, एकटीच राहणारी, टँकरला नेहमी पहिला नंबर लावणारी. तिची घागर पायरीला टेकलेली होती. ती आता मामांकडे बोट करून म्हणाली, "आरं, तू बसून वाजवणार व्हतास न्हवं?"

मामांनी हलगी आणखी छातीशी ओढली.

"ही पोरगी चार दिस झाले कान किटवून ऱ्हायली. बसून वाजवणार, बसून वाजवणार. मग उभा का ऱ्हायलास?"

"मावशे, समदी उभी हायत. मी कसा बसू?"

म्हातारीनं मागं वळून पाहिलं. एवढ्या बाया, एवढी भांडी, आणि पाणी तर नाहीच. मग तिनं पदर सावरला आणि गुडघ्यावर हात देत, कण्हत, गल्लीच्या फुफाट्यात आपल्या घागरीशेजारी बसली. "बसले," ती म्हणाली. "आता तू बस. एवढ्या लांबून पळत आले, रिकामी जाऊ व्हय?"

तिच्या मागची बसली. तिच्या मागची तिच्याकडे बघून बसली. आपापल्या भांड्यापाशी, ओळ न मोडता, कारण टँकर आलाच तर नंबर जायला नको! तापाच्या लेकराची आई निघून गेली, आणखी काही गेल्या. पण बाकीची गल्ली खाली बसली. पुरुष थोडा वेळ घुटमळले, मग भिंतींच्या कडेनं उकिडवे झाले. अप्पा दारातून पुढं आले आणि पायरीवर टेकले, मामांच्या सतरंजीच्या खालच्या पायरीवर.

मामांनी खाली जाळाशी उतरून हलगी पुन्हा शेकली. कडबा नीट पेटेना. मग ते पायऱ्या चढले आणि या वेळी सतरंजीच्या मधोमध मांडी घालून बसले.

मी गाण्यातली जाणकार नाही, त्यामुळे काय वाजवलं ते मला शास्त्रानं सांगता येणार नाही. पण आयुष्यभर ऐकलेले ते ठेके मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. लग्नाचा ठेका लग्नाशिवाय. कुस्तीचा ठेका पैलवानांशिवाय. मध्ये एकदा त्यांनी मयताचा ठेका घेतला, इतका सावकाश, की दोन बायांनी पदर डोळ्याला लावला, आणि तिथून ते एकदम पोळ्याच्या ठेक्यात असे शिरले की भिंतीकडेचे सगळे पुरुष ताठ झाले. काडीची टिपरी कातड्याच्या कडेवर नाचत होती. घामानं पटका ओला झाला होता. मान मात्र वर होती, आणि ते लोकांकडे बघत होते, एकेकाच्या तोंडाकडे. मला आनंदानं रडूही येत होतं आणि उठून नाचावंसंही वाटत होतं. दादा टेप सुरू करायला विसरला. नंतर आम्ही त्यावरून महिनाभर भांडलो.

अर्ध्या-पाऊण तासानं त्यांनी शेवटची थाप मारली आणि हात थांबवला.

आणि मग कुणी हललं नाही. टाळ्या नाहीत, काही नाही. आधी मला कळेना काय झालं. सगळी गल्ली तशीच बसून, मान वळवून, गल्लीच्या टोकाकडे बघत होती. हलगी थांबली की मागून काहीतरी येतं, नवरा येतो, बैल येतात, टँकर येतो, निदान पंचायतीचा निरोप तरी येतो. जन्मभराची सवय. लोक वाट बघत होते.

मामांच्या ते आधी लक्षात आलं. ते पुढं वाकले आणि माईकजवळ तोंड नेलं. माईकवर ते कधी बोलले नव्हते. दवंडी देताना लावतात तोच वरचा सूर त्यांनी लावला.

"ऐका हो," ते म्हणाले. "मागनं कुणी येणार न्हाई. हलगीच व्हती."

यानंतर मी काहीतरी बोलायला हवं होतं, समारोपाचं. त्याऐवजी मी दादाला खूण केली आणि त्यानं बटण बंद केलं.